आठव्या पिढीच्या पेशी

प्रयोगशाळेच्या मेजावर पेशी वाढवायच्या चार बशा होत्या. पहिल्या तिघींनी रंग धरायचा आणि चौथीने कोरं राहायचं, असा त्यांचा नियम. बुधवारी दुपारी निशिओरी तोमोएने रंग ओतला, पाच मिनिटं थांबून पाण्याने धुतला आणि बशा खिडकीच्या उजेडात धरल्या. चौथी बशी कुंकू सांडल्यासारखी लाल होती.

तिने ती पुन्हा धुतली. घाईत रंग नीट निघाला नसेल. तिसऱ्यांदा धुतली तरी लाल ठिपके जागचे हलले नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. ठिपके चुन्याचे होते, हाडात असतो त्या चुन्याचे. हाड बनवायचं औषध या बशीत एक थेंबही पडलं नव्हतं. तरी या पेशी आपल्या आपण हाड बनवत बसल्या होत्या.

ती स्टुलावर टेकली. बशीच्या कडेला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘गोमा’.

गोमा म्हणजे तीळ. पाच वर्षांचा करडा घोडा, अंगभर बारीक काळे ठिपके, म्हणून तबेल्यात त्याला गोमा म्हणत; शर्यतीतलं लांबलचक नाव फक्त कागदावर. गेल्या ऑक्टोबरात पळताना त्याच्या पुढच्या डाव्या पायाची कंडरा आतून फाटली. गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने दोरासारखी जाते ती. ती सुजून बाकदार दिसते, म्हणून उत्तर जपानमधल्या हिदाकाच्या किनाऱ्यावरचे घोडेवाले त्या दुखण्याला ‘कोळंबी’ म्हणतात. कोळंबी झालेल्या घोड्याचं पुढे काय व्हायचं ते पूर्वी कुणी तोंडाने बोलत नसे. आता इलाज निघाला होता. घोड्याच्या छातीच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेचायच्या, बशीत वाढवून एक कोटी करायच्या आणि त्याच घोड्याच्या फाटलेल्या कंडरेत सोडायच्या. मूळ पेशी म्हणजे अजून कशाचीच न झालेली पेशी. ती चरबी होऊ शकते, हाड होऊ शकते, कूर्चा होऊ शकते; पहिल्या तीन बशा त्याच तीन परीक्षांच्या, चौथीत औषधच नसतं. कंडरेत सोडली की ती कंडरेला सांधायला मदत करते.

पण वेचलेली पेशी खरोखर मूळ पेशीच आहे हे ओळखायचं कसं? बशीत सगळ्या सारख्याच दिसतात, दोन्हीकडे निमुळत्या, पाण्यातल्या बारक्या मासळीसारख्या. त्यांच्या अंगावरच्या खुणा तपासाव्यात तर बाजारात मिळणारी द्रव्यं माणसांच्या पेशींसाठी केलेली, घोड्याच्या पेशीला ती चिकटायचीच नाहीत. म्हणून टेकडीवरच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं आकार बघून आणि बशीच्या तळाला पेशी घट्ट चिकटते की नाही ते बघूनच काम चालायचं. या वसंतात घोड्याच्या पेशींना लागू पडणारी नवी द्रव्यं आली. तेव्हा संचालक नुकादा सेन्सेईंनी तोमोएला सांगितलं, “आजवर बारा घोड्यांना आपण पेशी दिल्यात. प्रत्येकाच्या थोड्या गोठवून ठेवल्या आहेतच. सगळ्या बाहेर काढा आणि एकदा नीट ओळख पटवा.”

अकरा घोड्यांच्या पेशी जशा हव्या तशा निघाल्या. बारावा गोमा.

आणि गोमाच्या पेशींत काय चुकलं असणार, हे त्या इमारतीत एकट्या तोमोएला ठाऊक होतं.

पेशी वाढून बशी भरली की त्या उचलून नव्या बशीत पेरायच्या. त्याला पिढी म्हणतात. जितक्या पिढ्या जास्त, तितक्या पेशी म्हाताऱ्या आणि बेभरवशाच्या, म्हणून पाचव्या पिढीच्या पुढे जायचं नाही असा प्रयोगशाळेचा दंडक. गोमाचा मगज पातळ निघाला होता. पाचव्या पिढीला पेशी भरल्या जेमतेम चाळीस लाख. तिकडे घोड्यांचे डॉक्टर इबुका रोज फोन करायचे, “झाल्या का? फाटलेल्या जागी वण धरला की सगळं मुसळ केरात.” तोमोएने विचार केला, आणखी एकदा पेरून बघू. मग सहावी झाली, सातवी झाली. आठवीला एक कोटी भरल्या. वहीत तिने लिहिलं, ‘पिढी पाच’. बावीस वर्षांत तिच्या वहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तेव्हाही ठेवलं नाही.

त्या पेशी आता सात महिने गोमाच्या पायात होत्या.

*

नुकादा सेन्सेईंनी बशी उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला.

“अंगावरच्या खुणा?”

“शंभरातल्या पंचाण्णव पेशींवर हव्यात. एक्केचाळिसांवरच आहेत.”

“हं.” सेन्सेई बशी फिरवून बघत राहिले. साठीचे, हळू बोलणारे, कुणाला कधी वर आवाजात न बोललेले गृहस्थ. “निशिओरी-सान, या पेशी पाचव्या पिढीच्या होत्या ना?”

आता सांग, असं आतून कुणीतरी म्हणालं. खिडकीबाहेर समुद्राकडून धुकं चढत होतं, कुरणातल्या घोड्या आणि त्यांची शिंगरं एकेक करून पुसली जात होती.

“हो,” ती म्हणाली. “पाचव्या.”

“मग असं वागणार नाहीत. पाचव्या पिढीच्या पेशी आपण होऊन चुना धरतात असं मी तरी पाहिलेलं नाही. बशांची अदलाबदल झाली असेल. हाडाची बशी आणि कोरी बशी. माणूस आहे, होतं.” त्यांनी बशी ट्रेमध्ये ठेवली. “पुन्हा करा. तीन आठवडे लागतील.”

“पण सेन्सेई, उद्या सकाळी त्याला पळवणार आहेत. पहिल्यांदाच. पंधरा-पंधरा.”

दोनशे मीटरला पंधरा सेकंद, असा तो वेग. चालणं झालं, दुडकी झाली, आता खरं पळणं. सोमवारीच गोमावर बसणारी कोनात्सु फोनवर ओरडली होती, “तोमोए-सान, गुरुवारी सात वाजता पंधरा-पंधरा! तुमच्या पेशींना सांगा, घट्ट धरून बसा म्हणावं!”

“एप्रिलमध्ये इबुकांनी पाय तपासला तेव्हा स्वच्छ होता ना?” सेन्सेई म्हणाले.

“होता.”

“मग एका बशीवरून आपण त्यांना काय सांगणार? तुमच्या घोड्याच्या पायात हाड उगवत असेल म्हणून? आणि बशीच चुकलेली निघाली तर? या किनाऱ्यावर पुन्हा कोणी आपल्याकडे मगज पाठवणार नाही. तीन आठवडे, निशिओरी-सान. तोवर बाहेर शब्द नको.”

बशांची अदलाबदल झाली नव्हती. ती खोटं बोलली म्हणून सेन्सेई चुकीच्या निष्कर्षाला आले होते, आणि तिच्या खोट्याच्या आधारावर उद्या सात वाजता एक मुलगी साडेचारशे किलोच्या जनावरावर बसून भरधाव सुटणार होती. तोमोएने मान लववली आणि ती खोलीबाहेर पडली. स्वच्छतागृहात जाऊन तिने नळ सोडला आणि ती दोन्ही हात पाण्याखाली धरून उभी राहिली.

कंडरा म्हणजे ताणली जाणारी दोरी. त्या दोरीत खडा असेल तर ती ताण सोसणार नाही, खड्याच्या कडेने तुटेल. भर वेगात तुटली तर घोडा डोक्यावर आपटेल, आणि वर बसलेला त्याच्याही आधी.

*

गुरुवारी सकाळी सहा वाजता तिने कोनात्सुला फोन लावला. उत्तर नाही. स्वाराने घोड्यावर बसताना फोन कपाटात ठेवायचा, हा तबेल्याचा नियम. मग तिने मालकीणबाईंना, सावाउचि किनुको यांना लावला. तो वाजत राहिला. इबुकांचा बंद होता. कुठल्यातरी घोडीचं बाळंतपण अडलं असणार.

आता कारणच उरलं नव्हतं घरात बसायचं. तरी ती दहा मिनिटं बसली. समोर मिसो सूप निवत होतं. गेल्या बावीस वर्षांचं सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं: वह्या, सह्या, सेन्सेईंचा विश्वास. गाडीची किल्ली उचलली तर हे सगळं जाणार होतं. मग तिला कोनात्सु स्वारीच्या टोपीवर लावते तो गबाळा लाल गोंडा आठवला आणि ती घरातली चप्पल न बदलता तशीच बाहेर पळाली.

समुद्राकाठच्या रस्त्यावर धुकं इतकं दाट होतं की गाडीच्या तोंडापुढचं दिसत नव्हतं. अठरा किलोमीटरला एरवी वीस मिनिटं लागतात. पुढे एक दुधाचा टँकर रांगत होता. तोमोए कधी हॉर्न वाजवणारी बाई नव्हे, पण आज तिने वाजवला, आणि धुक्यातच, समोरचं काही न दिसता, त्याला ओलांडून गेली. वळणावर समोरून दिवे आले. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा दिवे मागे पडले होते आणि तिची पाठ घामाने भिजली होती.

सहा छप्पन्नला ती सावाउचि फार्मच्या फाटकातून आत शिरली. तबेला रिकामा. गोमाच्या ठाणावर ओला पेंढा आणि लटकणारा दोर. ती टेकडीच्या धावपट्टीकडे पळत सुटली.

धावपट्टी म्हणजे चढावर टाकलेला आठशे मीटरचा लाकडाच्या भुशाचा पट्टा, दोन्हीकडे पांढरं कुंपण. मधल्या टप्प्याला ती पोचली तेव्हा तिला कुंपणाचे दोन खांब दिसत होते, तिसरा नाही. कुठे कावळा ओरडला. मग काहीच नाही.

“कोनात्सु-सान!” तिने हाक मारली. धुक्याने हाक गिळून टाकली.

आणि मग टापा आल्या.

आधी त्या जमिनीतून आल्या, चपलेच्या तळातून, मग कानात. तीन ठोके आणि पोकळी. तीन ठोके आणि पोकळी. खालून वर, तिच्याच दिशेने. तोमोएने ओरडायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की आता ओरडणं म्हणजे मारणं. धुक्यात भरधाव सुटलेल्या घोड्यापुढे एक बाई किंचाळली तर तो उसळणार, कोनात्सुला बाजूला फेकणार. पट्ट्यावर उतरून हात पसरावेत तर तेच. तिने बाही तोंडात कोंबली आणि दातांनी आवळली.

तीन ठोके आणि पोकळी. घोड्याचा श्वास ऐकू येऊ लागला, प्रत्येक झेपेला एक, भात्यासारखा. ती टापा मोजत नव्हती, तरी मोजत होती. त्यांतला त्या डाव्या पायाचा ठोका कुठला, हे तिला कळत नव्हतं, आणि प्रत्येक ठोका तोच वाटत होता.

मग धुकं फाडून गोमाचं डोकं आलं. कान पुढे, डोळे चमकत, छातीवर घाम. वर कोनात्सु, अंगाची घडी करून, जवळजवळ आडवी. क्षणभरच. भुशाचे शिंतोडे तोमोएच्या तोंडावर उडाले आणि घोडा पलीकडच्या धुक्यात विरघळला.

तीन ठोके, पोकळी. तीन ठोके, पोकळी. तीन ठोके...

आणि एक ठोका चुकला.

त्यानंतरची शांतता तिला पुढे कितीतरी दिवस झोपू देणार नव्हती. टापा मोडल्या, दोन-चार वेड्यावाकड्या पडल्या आणि एकदम शांत झालं. तोमोए कुंपणाखालून आत घुसली आणि भुशातून वर धावू लागली. चप्पल एक गेली, मग दुसरी. तिच्या तोंडून ‘माफ कर, माफ कर’ असं काहीतरी निघत होतं. कोणाला, घोड्याला की मुलीला, ते तिलाही माहीत नव्हतं.

शंभर-दीडशे पावलांवर करडं काहीतरी दिसलं. ते उभं होतं.

गोमा उभा होता. कोनात्सु त्याच्या शेजारी भुशात गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्याचा डावा पाय चाचपत होती. तिने मान वर केली.

“तोमोए-सान? तुम्ही इथे कशा? आणि अनवाणी?”

तोमोएने नुसतं पायाकडे बोट दाखवलं.

“एक पाऊल आखूड पडलं,” कोनात्सु म्हणाली. “एकच. लगेच सरळ पळायला लागला होता, पण मला नाही आवडलं. म्हणून थांबवला. सुजलेला नाही, गरमही नाही. ढोंग करतोय की काय लबाड...” ती थांबली. तोमोएचा चेहरा तिने आता नीट पाहिला. “काय झालंय?”

“त्याला पळवू नका,” तोमोए म्हणाली. “माझ्या पेशी खराब आहेत.”

*

इबुका नऊ वाजता आले, बाह्या वर केलेल्या, तोंडावर रात्रभराच्या जागरणाची सूज. किनुको-सान त्यांच्याही आधी येऊन तबेल्याच्या दारात उलट्या बादलीवर बसल्या होत्या. एकाहत्तर वर्षांच्या, लहान चणीच्या, कमरेत वाकलेल्या. तोमोएच्या आईकडून त्या वर्षानुवर्षं कोम्बू, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, घ्यायच्या, त्यामुळे तिला एकेरीतच हाक मारायच्या. तिला त्यांनी पायात घालायला गमबूट दिले होते आणि अजून एक शब्द विचारला नव्हता. तेच तोमोएला सहन होत नव्हतं.

इबुकांनी गोमाच्या पायाचे केस भादरले, जेल लावलं आणि सोनोग्राफीच्या यंत्राची मूठ कंडरेवर टेकवली. छोट्या पडद्यावर करड्या रेघा उमटल्या, विणलेल्या दोरासारख्या.

“झकास भरलंय,” ते पुटपुटले. “बघा, रेघा कशा सरळ आहेत. उगीच घाबरवता, निशिओरी-सान.” मूठ आणखी खाली सरकली. “इथेही छान. इथेही...”

मूठ तिथेच थांबली.

पडद्यावर एक पांढरा ठिपका होता. तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या खाली काळी सावली पडली होती, जशी हाडाखाली पडते. इबुकांनी मूठ उचलली, पुन्हा टेकवली, तिरपी केली. दाणा होता तिथेच होता.

“एप्रिलमध्ये नव्हता हा,” ते हळूच म्हणाले.

“असेल,” किनुको-सान म्हणाल्या. “तुम्हाला दिसला नसेल.”

“नव्हता, बाई! शपथेवर सांगतो.”

कोनात्सुने गोमाचा दोर हातात गच्च धरला होता. “म्हणजे मी आणखी दोनशे मीटर पळवला असता तर?”

इबुका रुमालाने जेल पुसत राहिले, पुसून झाल्यावरही.

“पाचव्या पिढीपर्यंतच्या पेशी अशा करत नाहीत,” शेवटी ते म्हणाले. “मी वाचलंय तेवढं.”

आता तोमोएला कोणी काही विचारलेलं नव्हतं. ती गप्प राहिली असती तर कदाचित निसर्गाच्या माथी सगळं जाऊन पडलं असतं.

“आठव्या होत्या,” तोमोए म्हणाली. “पाचव्या पिढीला भरल्या नाहीत, म्हणून मी तीन वेळा आणखी पेरल्या. आणि वहीत पाच लिहिलं. काल सेन्सेईंनी विचारलं तेव्हाही पाचच सांगितलं.” ती गुडघ्यांवर बसली आणि ओल्या फरशीला कपाळ टेकवलं. “माझी चूक आहे. प्रयोगशाळेची नाही, माझी एकटीची.”

“उठा,” कोनात्सु म्हणाली. तिचा आवाज विचित्र झाला होता. “उठा म्हणते ना! फरशीला काय डोकं लावता? काल दुपारी तुम्हाला कळलं होतं! काल दुपारी! आणि मी संध्याकाळी त्याच्या पायाला मुका देऊन घरी गेले, उद्या पळायचं म्हणून. एक फोन करता आला नाही?”

“नाही आला,” तोमोए जमिनीकडे बघत म्हणाली. “भीती वाटली.”

“तुम्हाला भीती वाटली! वर कोण बसलं होतं?”

“कोनात्सु,” किनुको-सान म्हणाल्या.

“काय आजी? खोटं बोलतेय का मी?”

“खरं बोलतेस. पण घोडा बिचकतोय.”

गोमा खरोखरच कान मागे करून दोर ताणत होता. कोनात्सुने तोंड फिरवलं आणि त्याच्या मानेत नाक खुपसून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

इबुका तेवढ्यात कुणाला उद्देशून नाही असं बोलले, “रोज फोन मीच करत होतो. झाल्या का, झाल्या का म्हणून.”

“तुम्ही गप्प बसा,” किनुको-सान म्हणाल्या. “आता सगळ्यांनी एकदम रडू नका. तोमोए, ऊठ. बाकीचे अकरा घोडे?”

“ते ठीक आहेत. सगळे पाचव्या पिढीच्या आतले.”

“आता तुझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?”

तोमोए फरशीवरून उठली.

“तेच तर,” म्हाताऱ्या बाई बादलीवरून उठत म्हणाल्या. “बाकीच्या मालकांना आज दुपारपर्यंत कळलं पाहिजे. तूच फोन करायचे. माझ्या समोर बसून.”

*

तिने फोन केले. अकरा मालक. किनुको-सान शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलत होत्या. दोघांनी शिव्या दिल्या, एकाने मधेच फोन ठेवला, एक म्हातारे गृहस्थ फक्त “असं होय” म्हणाले, आणि तेच तिला सर्वांत जड गेलं. बारावा फोन सेन्सेईंना होता.

ते म्हणाले, “मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, निशिओरी-सान.”

“हो.”

“मी तुमच्या उत्तरावर निर्णय घेतला.”

“हो, सेन्सेई.”

“बाहेर शब्द नको, असं मीच म्हणालो होतो. मला आता माझीही भीती वाटते,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाहेरून दोन तपासनीस आले आणि त्यांनी तिच्या बावीस वर्षांच्या वह्या नेल्या. दोन महिने तिला दर सकाळी असं वाटत राहिलं की आज दुसरं खोटं सापडेल, आपण केलेलं आणि आपणच विसरलेलं. अकराही घोड्यांचे पाय पुन्हा तपासले गेले. दाणा कुणाच्याच पायात नव्हता. वह्यांत दुसरं खोटं निघालं नाही. पण एक निघालं होतं तेवढं पुरे होतं. तिचा सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. आता ती बशी उघडते तेव्हा शेजारी कुणीतरी उभं राहून पिढी मोजतं आणि आपल्या हाताने लिहितं. टोचायच्या आधीच पेशींची पूर्ण ओळख पटवायची, खुणाही आणि चारही बशाही, तीन आठवडे लागले तरी चालतील, असा नवा दंडक झाला. इबुका कुरकुरले, मग तेही गप्प झाले.

गोमाची शर्यत संपली. दाणा वाढला नाही, पण गेलाही नाही. चालायला, दुडकायला त्याला काही होत नव्हतं, पळायचं मात्र पुन्हा नाव नव्हतं. किनुको-साननी त्याला विकला नाही. ऑगस्टअखेरीस शिंगरांना आयांपासून तोडतात, तेव्हा ती रात्रंदिवस ओरडत कुंपणाशी धावतात. त्यांच्यात एखादा शहाणा, थोराड घोडा सोडला की ती त्याच्या मागे लागून चरायला शिकतात. ते काम गोमाला मिळालं.

सप्टेंबरच्या एका रविवारी तोमोए त्याला बघायला गेली. हे तिने स्वतःहून ठरवलं नव्हतं. कोनात्सुचा निरोप आला होता, एका ओळीचा: ‘रविवारी दहा वाजता या.’ जूनमधल्या त्या सकाळनंतर कोनात्सु तिच्याशी बोलली नव्हती.

ऊन पडलं होतं. कुरणात सहा शिंगरं आणि मधोमध करडा गोमा, शेपटीने माश्या वारत. कोनात्सुने त्याला बाहेर आणलं, खोगीर कसलं आणि शिरस्त्राण तोमोएच्या हातात दिलं.

“घाला.”

“मी?”

“दुसरं कोण आहे इथे?”

“कोनात्सु-सान, मी कधी घोड्यावर बसलेली नाही.”

“बावीस वर्षं घोड्यांच्या पेशी मोजता आणि बसला नाहीत?” कोनात्सुच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. “चढा. इथे पाय. मानेवरचे केस धरा, लगाम नाही.”

ती कशीबशी चढली. वर गेल्यावर जमीन फार लांब गेली. खाली काहीतरी प्रचंड, गरम, श्वास घेणारं होतं, आणि त्याच्या मनात काय आहे ते तिला कळायचा मार्ग नव्हता. गोमाने एक पाऊल टाकलं. तोमोएच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

“ओरडू नका. त्याला आवडत नाही.”

“पडेन मी.”

“पडाल कदाचित,” दोर धरून चालत कोनात्सु म्हणाली. “त्याचा पाय चांगला असेल तर नाही पडणार. चांगला आहे की नाही ते तुम्हाला वरून दिसत नाही. मला तरी कुठे दिसायचं? डॉक्टर इबुका सांगायचे, तुम्ही सांगायचात, आणि मी बसायचे.”

तोमोएने मानेवरचे केस दोन्ही मुठींत घट्ट धरले. डावा पाय उचलला जायचा, पुढे पडायचा, तिच्या कमरेतून एक हिसका जायचा आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत तिचा श्वास अडकायचा. शिंगरं कुंपणाच्या आतून त्यांच्या बरोबरीने चालू लागली होती.

“उतरवा ना मला,” ती म्हणाली.

कोनात्सुने मागे वळून पाहिलं, दोर दुसऱ्या हातात घेतला.

“अजून एक फेरी,” ती म्हणाली. “कुरणाच्या त्या टोकापर्यंत.”